चार लग्नं आणि एक सीपीयू

जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून घरात थिएटर उभं करणाऱ्या माणसाला सिनेमा बघायचा असतो, असा लोकांचा समज आहे. सिनेमा बघायचा असेल तर माणूस टीव्ही लावतो. फारच हौस असली तर तीन-चार हजारांची एक स्ट्रीमिंग स्टिक आणतो, टीव्हीच्या पाठीत खुपसतो आणि पाय पसरून बसतो. जो माणूस इतका जुना डबा माळ्यावरून खाली उतरवतो, त्याला सिनेमाशी काही देणंघेणं नसतं. त्याला फक्त तो डबा टाकायचा नसतो.

आमचा दादा या पंथातला. त्याचा कॉम्प्युटर 2008 साली डोंबिवलीच्या घरात ‘मुलांच्या अभ्यासासाठी’ आला. मूल एकच होतं आणि ते बालवाडीत होतं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी31 मदरबोर्ड, दोन जीबी रॅम आणि एकशेसाठ जीबीची हार्ड डिस्क. ही यादी दादा आजही न विचारणाऱ्याला म्हणून दाखवतो. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल चढायचं, एरवी वर्षभर वहिनीने शिवलेला नाडीचा अभ्रा असायचा. पुढे मुलाला लॅपटॉप आला आणि हा अभ्र्यासकट माळ्यावर गेला.

मागच्या वर्षी माळा साफ करायचं निघालं तेव्हा त्याच्या जिवावर बेतलं. भंगारवाल्याने सीपीयू एका हाताने उचलला, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, “दोनशे.”

“अठ्ठावीस हजारांना घेतलाय हा,” दादा म्हणाला.

“रद्दी आहे का काही?” भंगारवाल्याने वहिनीला विचारलं.

दादाने सीपीयू परत घेतला. निवृत्त झालेल्या माणसाला सोसायटीचा सेक्रेटरी करतात, तशी आपल्याकडे जुन्या वस्तूची सोय लावायची रीत आहे. दादाने डबा दिवाणखान्यात आणला, टीव्हीसमोर ठेवला आणि जाहीर केलं, “याचा होम थिएटर पीसी करणार.” वहिनीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर नवीन रकाना आखला आणि वर लिहिलं: थेटर.

या छंदातला सगळ्यात सुखाचा भाग म्हणजे सीपीयूचं झाकण उघडणं. चार स्क्रू, एक ओढ, आणि आत सतरा वर्षांची डोंबिवली. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी होती, रिकामी. दादाने रंगकामाचा ब्रश आणि वहिनीचा हेअर ड्रायर घेऊन गॅलरीत दुपार काढली. मला त्याने टॉर्च धरायला बोलावलं होतं. अशा कामात टॉर्च धरणाऱ्याला स्वतःचं मत नसतं. आणि तो जिथे उजेड पाडतो ती जागा नेहमी चुकीची असते.

बटण दाबल्यावर आतून एक लांब बीप आली, मग दुसरी, मग तिसरी.

“रॅम,” दादा म्हणाला आणि पुतण्याचा कंपास मागवला.

आपल्या देशात रॅम खोडरबराने घासतात. पट्टी बाहेर काढायची, तिची सोनेरी किनार पांढऱ्या रबराने खसाखसा घासायची, फुंकर मारायची आणि खटकन परत बसवायची. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत कुठे दिलेलं नाही, पण लॅमिंग्टन रोडपासून लातूरपर्यंत प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला येतं, आणि बरेच कॉम्प्युटर त्याने खरोखर चालू होतात, कारण दोष रॅममध्ये नसून किनारीवर साचलेल्या मळात असतो. आमचाही झाला. दादाने रबराचे कण फुंकरीने उडवले आणि वहिनीकडे असं पाहिलं की तिलाही ‘बरं झालं’ म्हणावं लागलं.

प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप वाळून खडू झाला होता. त्याला थर्मल पेस्ट लागते. टूथपेस्ट चालते असं सांगणारा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो, आमच्याकडे तो दुसऱ्या मजल्यावर आहे. ती दोन दिवस चालतेही, मग वाळते. दादाने खरी पेस्ट आणली. रकान्यात पहिली नोंद पडली.

मग इंटरनेट चालेना. जोडणी ठीक होती, दिवे लुकलुकत होते, पण कुठलंही पान उघडायला गेलं की ‘ही जागा सुरक्षित नाही’ म्हणून पाटी यायची. पुतण्याने कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. कॉम्प्युटरच्या मते ते 2008 साल होतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर2032, कॉम्प्युटर बंद असताना तारीख सांभाळायचं काम त्याच्याकडे. तो मेला की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. आता प्रत्येक वेबसाइटच्या दाखल्यावर ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं, आणि 2008 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला ते सगळे दाखले भविष्यातून आलेले दिसतात. तो घाबरून कुणालाच आत घेत नाही. सेल बदलल्यावर तो शहाण्यासारखा वर्तमानात आला. त्याच साली घेतलेली जीन्स अजून आपल्याला होते असं मानणारा दादा मात्र आहे तिथेच आहे.

यापुढचा प्रश्न भोकांचा होता. जी31 बोर्डाच्या पाठीवर चित्रासाठी एकच निळं भोक आहे, व्हीजीए. हे आयबीएमने 1987 साली काढलं आणि त्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. टीव्हीला मात्र फक्त एचडीएमआय. एका बाजूला व्हीजीए आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय अशी नुसती वायर रस्त्यावर मिळते, ती दादाने आणली आणि ती चालली नाही. चालणारच नव्हती, कारण व्हीजीएतून लाटा येतात आणि एचडीएमआयला आकडे लागतात. मध्ये भाषांतर करणारी चिप असल्याशिवाय दोघांचं बोलणं होत नाही. नुसती वायर म्हणजे दोन्हीकडे फोन आहेत पण एकाला फक्त तमिळ येतं आणि दुसऱ्याला फक्त नॉर्वेजियन.

तेव्हा ग्राफिक कार्ड घ्यायचं ठरलं आणि आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरला पूल ओलांडून स्लो गाडीने ग्रँट रोड, आणि पूर्वेला उतरून पाच-सात मिनिटं चालत. पालिकेच्या पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. तिथल्या एका अरुंद दुकानात दादाने काउंटरवर मदरबोर्डचा मोबाइलवरचा फोटो ठेवला. काउंटरमागच्या मुलाने तो मोठा करून पाहिला, मग आतल्या माणसाला हाक मारली. आतला माणूस बाहेर आला, त्याने पाहिला, आणि तो वरच्या पोटमाळ्यावरच्या तिसऱ्याला म्हणाला, “अरे नीचे आ, जी थर्टीवन देख, चालू है!” तिसराही खाली आला. तिघे फोटोकडे बघत उभे राहिले. त्या क्षणी दादाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या मुलाच्या बारावीच्या निकालाला पाहिलेलं नाही.

“साहेब, मिनी पीसी घ्या ना,” मालक म्हणाला. “एवढासा येतो, टीव्हीच्या मागे चिकटवायचा. वीज कमी, आवाज नाही.”

“पण तो नवा आहे,” दादा म्हणाला.

मालकाने पुढे वाद घातला नाही. त्याच्या धंद्यात असे लोक रोज येत असावेत. ग्राफिक कार्ड, एसएसडी, आणखी दोन जीबी जुन्या पद्धतीची रॅम, पाच मीटर एचडीएमआय केबल आणि माउसची पाटी असलेला वायरलेस कीबोर्ड असं सगळं एका पिशवीत आलं. त्या रात्री वहिनीने बेरीज केली तेव्हा तीन स्टिका झाल्या होत्या आणि वर एक वर्षाचं केबलचं बिल निघालं असतं. तिने ती बेरीज मोठ्याने वाचली नाही, कॅलेंडर फक्त दादाच्या ताटाच्या बाजूला उलटं टेकवून ठेवलं.

दादा एकटा नाही, त्याच्या पंथाला परंपरा आहे. 2001 च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स नावाचं खेळाचं यंत्र बाजारात आणलं. ते खेळ खेळायला होतं. लगेच काही लोकांनी त्याचं कुलूप तोडलं आणि त्यावर सिनेमे दाखवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला, चौसष्ट एमबी मेमरीत. तोच पुढे एक्सबीएमसी झाला आणि 2014 मध्ये कोडी. आज जुन्या कॉम्प्युटरचं थिएटर करणारे बहुतेक लोक हाच टाकतात. तो पहिला एक्सबॉक्स त्याला कधीच चालेनासा झाला, म्हणजे यंत्र गेलं आणि लटकावलेला प्रोग्रॅम राहिला. व्हीएलसीची गोष्ट त्याहून सरस. 1996 च्या सुमारास पॅरिसच्या एकोल सांत्राल या कॉलेजातल्या पोरांना होस्टेलचं नेटवर्क जलद हवं होतं, मुख्यतः आपापसांत गेम खेळायला. गेमसाठी पैसे कोण देणार? म्हणून नेटवर्कवरून टीव्ही दाखवायचा प्रकल्प काढला. नेटवर्क आलं, गेम झाले, आणि मागे उरलेला व्हिडिओ प्लेअर 2001 मध्ये जगाला फुकट वाटून टाकला. रस्त्यावरचा नारिंगी शंकू ही त्याची खूण, कारण त्या पोरांना असे शंकू गोळा करायचा नाद होता. या दोन्ही ठिकाणी सुरुवात खेळासाठी झाली, सिनेमासाठी नाही, हे ध्यानात घ्यावं. मायक्रोसॉफ्टने मात्र दिवाणखान्यातल्या लोकांनी सिनेमा बघावा या शुद्ध हेतूने 2002 मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली, रिमोटवर हिरवं बटण दिलं, आणि 2015 मध्ये विंडोज 10 आलं तेव्हा सगळं गुंडाळलं.

दादाने एक्सपी पुसून लिनक्स टाकलं आणि त्यावर कोडी. एक्सपीची मुदत 8 एप्रिल 2014 लाच संपली होती, त्यामुळे अश्रू ढाळायला कुणी नव्हतं. पडद्यावर निळसर मेनू आला. दादाने आईला बोलावून दाखवला. आई म्हणाली, “छान आहे. माझी सिरीयल कुठे आहे?”

आता दाखवायचं काय, हा प्रश्न पहिल्यांदा पडला.

दादाकडे कपाटभर मराठी नाटकांच्या व्हीसीडी आहेत. एक काळ होता, प्रत्येक लग्नाच्या आहेरात, प्रत्येक प्रदर्शनात, रेल्वे स्टेशनच्या बाहेर नाटकांच्या व्हीसीडीचे गठ्ठे असत, एका नाटकाला दोन किंवा तीन तबकड्या. त्या सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायच्या असं ठरलं. शनिवारी संध्याकाळी एकेक तबकडी आत जाऊ लागली. आता ज्यांनी व्हीसीडी कधी उघडून पाहिली नाही त्यांना सांगतो. प्रत्येक व्हीसीडीत एक एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात मुख्य फाइल असते, तिचं नाव एव्हीसेक01.डॅट. प्रत्येक व्हीसीडीत. नाटक कुठलंही असो, कंपनी कुठलीही असो, अंक कुठलाही असो, आतली फाइल एव्हीसेक01. कॉम्प्युटर दर वेळी विचारत होता, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दादा दर वेळी हो म्हणत होता. रात्री जेवायच्या वेळी कपाट रिकामं झालं होतं, तबकड्यांचा ढीग सोफ्यावर होता, आणि फोल्डरमध्ये एकच नाटक होतं, तेही दुसऱ्या भागापासून.

पुढच्या आठवड्यात त्याने ते सगळं नव्याने उतरवलं, प्रत्येक तबकडीला वेगळा फोल्डर करून. पण कुठल्या फोल्डरात कुठलं नाटक आहे हे कळायला ते लावून बघायला हवं. तेव्हा रोज रात्री दादा एकेक फाइल लावायचा, तिसरी घंटा व्हायची, पडदा वर जायचा, कुणीतरी दारावरची बेल वाजवायचं, नोकर ‘आलो आलो’ म्हणत धावायचा, आणि इथे दादा थांबवून नाव टाइप करायचा. मराठी रंगभूमीची एवढी दारं इतक्या रात्रीत कुणी उघडली नसतील. एकाही दारातून आत कोण आलं ते आम्हांला अजून माहीत नाही.

चित्राबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण दादाचा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. आधी पडद्याच्या चारही कडा कापल्या जात होत्या. हे जुन्या काचेच्या टीव्हीपासून चालत आलेलं आहे. तेव्हा प्रत्येक नळीत चित्र थोडं इकडेतिकडे व्हायचं, म्हणून कडा मुद्दाम झाकत. नळ्या गेल्या, सवय राहिली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाच पायऱ्या खाली एक ओळ असते, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ किंवा कंपनीला जे सुचेल ते, ती चालू केली की कडा दिसतात. मग आवाज येईना, कारण कॉम्प्युटर तो अजून मागच्या हिरव्या भोकातून पाठवत होता आणि तिथे ऐकायला कुणी नव्हतं. तेही जमलं. मग व्हीसीडी लावली.

व्हीसीडीचं चित्र 352 गुणिले 288 ठिपक्यांचं असतं, म्हणजे एक लाखाच्या थोडं वर. दादाचा टीव्ही फोर-के, त्र्याऐंशी लाख ठिपक्यांचा. नाटकातल्या एका ठिपक्याला टीव्हीवर ब्याऐंशी ठिपके वाटून घ्यावे लागतात. नायिकेचं नाक म्हणजे दहा-बारा चौकोन. शिवाय नाटक चार-तीनच्या मापातलं आणि टीव्ही सोळा-नऊचा, तेव्हा सगळे नट आडवे झाले होते. सडपातळ म्हणून गाजलेल्या एका अभिनेत्रीकडे बघून आई म्हणाली, “हिला तेव्हाच थायरॉइड असणार.”

दादाने माप बरोबर केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. आई म्हणाली, “एवढा मोठा टीव्ही आणि बघतोस मधल्यामध्ये.” त्याने परत आडवं केलं.

याउलट पुतण्याने पेन ड्राइव्हवर आणलेला नवा सिनेमा फारच नेटका होता. हल्लीच्या फाइली एचईव्हीसी पद्धतीने घडी घालून येतात. 2013 सालची ही पद्धत, आधीच्या एच.264 च्या साधारण निम्म्या जागेत मावते, पण घडी उलगडायला डोकं जास्त लागतं. ग्राफिक कार्डाला ती घडी येत नव्हती, सगळा भार बिचाऱ्या कोअर टू ड्युओवर आला. संवाद पुढे निघून गेले, चित्र मागून उड्या मारत आलं. नायक मेल्यावर दहा सेकंदांनी त्याला गोळी लागली. आतला पंखा इतका चढला की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थाप मारून मिक्सर बंद करायला सांगितला. आणि विजेचं म्हणाल तर असा डबा साठ-सत्तर वॅट खातो, स्टिक खाते तीन-चार. रोज सहा तास चालला तर महिन्याला अकरा-बारा युनिटं. हा हिशेब वहिनीचा, माझा नाही.

आईसाठी दादाने एक कागद टीव्हीशेजारी चिकटवला. टीव्हीचा रिमोट, सेट-टॉप बॉक्सचा रिमोट आणि कीबोर्ड, तिन्हींची कामं त्यावर आकड्यांनी लिहिली होती. साध्या कॉम्प्युटरला टीव्हीचा रिमोट ऐकू येत नाही, त्याला बरेचदा वेगळं यंत्र लावावं लागतं, म्हणून कीबोर्ड. तो मांडीवर घेऊन सोफ्यावर बसलं की माणूस सिनेमा बघायला बसलाय की रेल्वेचं तिकीट काढून द्यायला, कळत नाही. आईने कागद दोनदा वाचला. साडेसातला सिरीयल लागायच्या आधी ती शेजारच्या काकूंकडे जाऊ लागली.

दिवाळीत मावशी-काका रत्नागिरीहून आले आणि थिएटरचं उद्घाटन ठरलं. धाकटी मावशी, तिचं लग्न 1994 चं. त्या एका वर्षात आमच्या घराण्यात चार लग्नं झाली होती आणि चारही कॅसेटवर होती. डोंबिवलीतल्या एका दुकानदाराने त्या कॅसेटी एका फाइलीत उतरवून दिल्या आणि पेन ड्राइव्हवर फाइलीचं नाव इंग्रजीत टाकलं: फोर वेडिंग्ज 1994.

कोडीचा एक गुण आहे. फाइलीचं नाव आणि साल वाचून तो इंटरनेटवरच्या सिनेमांच्या कोशात शोध घेतो आणि पोस्टर, कलाकार, कथासार सगळं आपल्या आपण आणून लावतो. दिवाणखान्यात पंधरा माणसं, चकल्यांची ताटली फिरतेय, दिवे बंद. पडद्यावर ह्यू ग्रँट आला. खाली नाव: फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल.

मावशी चष्मा सावरत म्हणाली, “चार लग्नं बरोबर. पण मयत कुणाचं रे?”

“मयत नाही गं मावशी, तो सिनेमा आहे, इंग्लिश...” दादा कीबोर्ड चाचपू लागला.

“थांब. नाना आजोबा कधी गेले?” आईने विचारलं.

“पंच्याण्णवला.”

“छे, पंच्याण्णवला कसे? माझ्या लग्नात होते, आणि दिवाळीला नव्हते,” मावशी म्हणाली.

“म्हणजे चौऱ्याण्णवच.”

“बघा, कॉम्प्युटरने बरोबर धरलंय,” काका म्हणाले.

“आणि हा कोण?”

सगळ्यांनी ह्यू ग्रँटकडे पाहिलं. “घारा आहे,” आई म्हणाली, “म्हणजे तुमच्याकडचा असणार.” काका चिपळूणचे, त्यांच्याकडे सगळे घारे. काकांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, आमच्या पुण्याच्या चुलत्यांचा धाकटा असेल, तो नंतर लंडनला गेला. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. दादाला खुलासा करायची संधी मिळेपर्यंत पोस्टर गेलं आणि लग्न सुरू झालं.

तो व्हिडिओ मी आधी पाहिलेला नव्हता. बदामाच्या आकारात मावशी, दुसऱ्या बदामात काका, दोन्ही बदाम फिरत फिरत एका बर्फाच्या डोंगरावर जाऊन आदळतात. मंडप ठाण्याचा, डोंगर स्वित्झर्लंडचा. हलणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसत होते, कारण कॅसेटवरचं चित्र एकाआड एक ओळींनी रंगवलेलं असतं आणि ते सपाट पडद्यावर जुळवून घ्यावं लागतं. दादा ते जुळवायला टीव्हीच्या बाजूला बसला होता. बाकी कुणाचं दातांकडे लक्ष नव्हतं. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलं आणि का बसलं, अबोली रंगाची पैठणी मुळात कुणाची, ती परत आली का, यावर मंगलाष्टकांच्या वर आवाज चढले होते. कॅमेरावाल्याने बराच वेळ नुसता जिलब्यांचा घाणा दाखवला, तर तोही सगळ्यांनी शांतपणे पाहिला.

तिसऱ्या मंगलाष्टकाला कॉम्प्युटर थिजला. अक्षता हवेत राहिल्या.

“दोन मिनिटं,” दादा म्हणाला आणि मला टॉर्च आणायला सांगितलं.

पुतण्या उठला. त्याने पेन ड्राइव्ह सीपीयूमधून काढला, टीव्हीच्या कडेला चाचपून एका भोकात खुपसला आणि टीव्हीच्याच रिमोटवर दोन बटणं दाबली. अक्षता पडल्या. लग्न पुढे चालू झालं, डब्याशिवाय, पंख्याशिवाय, कागदाशिवाय.

खोलीत कुणी काही बोललं नाही. वहिनी चकल्या आणायला आत गेली, तिच्या पाठीवरूनही ती हसतेय हे कळत होतं. दादा पडद्याजवळ जाऊन वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “चालतंय. पण टीव्हीला पोस्टर आणता येत नाही.”

निघताना मावशी म्हणाली, “मला हे सगळं सीडीवर घालून दे हं. आमच्याकडे व्हीसीडी प्लेअर आहे अजून, छान चालतो. ते पेनबिन माझ्याच्याने होत नाही.”

दादाने घरात नजर फिरवली. पुतण्याच्या लॅपटॉपला तबकडीचं खण नाही. वहिनीच्याही नाही. माझ्याही नाही. त्या घरातच काय, त्या मजल्यावर सीडी लिहू शकणारं एकच यंत्र उरलं होतं आणि ते टीव्हीसमोर घुर्रर करत उभं होतं. दादाने त्याच्यावर हात ठेवला.

कोऱ्या सीडी मिळवायला पुन्हा लॅमिंग्टन रोड झालं. मग दादाने त्या चारही लग्नांचं 352 गुणिले 288 केलं, एकेका लग्नाचे तुकडे पाडले, आणि कॉम्प्युटरने प्रत्येक तबकडीत आपल्या आपण एकेक एव्हीसेक01.डॅट लिहून टाकली. पुतण्याने हौसेने कव्हरं छापली, पोस्टरसकट. पार्सल रत्नागिरीला गेलं.

आठवड्याने मावशीचा फोन आला. “पोचलं रे. पण सगळ्या कव्हरांवर तोच घारा आहे. माझं लग्न कुठल्या सीडीत?”

“एकेक लावून बघ,” दादा म्हणाला. आणि फोन ठेवण्याआधी तिच्या प्लेअरच्या मागच्या बाजूला कोणकोणती भोकं आहेत, लाल-पांढरं-पिवळं आहे की आणखी काही, ते त्याने नीट विचारून घेतलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.